काळाचे स्वामी आणि एक एकटे पोर

हलत्या चित्रांचा चित्रपट म्हटला की आपल्याकडे लोक तो पोरांसाठी सोडून देतात, आणि विज्ञानकथा म्हटली की त्यातली यंत्रे मोजू लागतात. ज्या चित्रपटात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्याच्या वाट्याला दुहेरी उपेक्षा आली तर नवल नाही. रेने लालू या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९८२ सालचा ‘ले मेत्र द्यु तां’, म्हणजे ‘काळाचे स्वामी’, असाच मागे पडला. लालूचे नाव निघाले की जाणकार त्याच्या १९७३ च्या ‘ला प्लानेत सोव्हाज’बद्दल बोलतात. कान महोत्सवात त्याला खास पारितोषिक मिळाले होते, तेव्हा ते साहजिकही आहे. पण माझा जीव मात्र या धाकट्या, जरा डाव्या भावंडावर जडला आहे.

कथा स्तेफान वुलच्या कादंबरीवरून घेतलेली. (हे गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य होते, हे कळल्यापासून मला ते अधिकच आवडू लागले.) पेर्दीद नावाच्या ओसाड ग्रहावर गांधीलमाश्यांसारखे राक्षसी कीटक आहेत. त्यांच्यापासून पळताना एका बापाची गाडी कोसळते. मरण्यापूर्वी तो आपल्या पिएल नावाच्या लहानग्याच्या हातात अंड्याच्या आकाराचे एक बोलके यंत्र देतो आणि त्याला प्रवाळासारख्या झाडांच्या रानात पाठवतो. यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, अफाट अंतरावर, बापाचा मित्र जाफार आपल्या अंतराळयानात आहे. तो मुलाला आणायला निघतो. वाटेत सिल्बाद नावाच्या म्हाताऱ्याला बरोबर घेतो, कारण त्याला पेर्दीदची माहिती आहे.

पुढे चित्रपटभर काय घडते? मोठी माणसे आळीपाळीने त्या यंत्रात बोलतात. मुलाला तर ते यंत्रच सवंगडी वाटते. खा, झोप, रानाबाहेर जाऊ नकोस, असे त्याला सांगावे लागते. सिल्बाद त्याला गाणे म्हणून दाखवतो. यानावरच्या राजपुत्राला स्वतःच्या कामाची घाई आहे, मुलापायी होणारा खोळंबा त्याला नको आहे. म्हणून तो मुलाला गोड बोलून तळ्यात उतरायला सांगतो. पोर निमूटपणे पाण्याकडे चालू लागते. वेळीच इतरांच्या लक्षात येते म्हणून बरे. सगळ्या चित्रपटात याच प्रसंगी माझ्या अंगावर काटा आला. कीटकांचे भय वाटले नाही, पण ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि तरी तो विश्वास टाकतो, याचे वाटले.

शेवट सांगू नये हा संकेत मी येथे मोडणार आहे, कारण हा चित्रपट शेवट ठाऊक असलेल्यासाठीच काढला आहे असे माझे मत आहे. यान पोचण्याआधीच काळाचे स्वामी त्या ग्रहाला ६० वर्षे मागे ढकलतात. पिएल त्या भूतकाळात सापडतो, डोक्याला झालेल्या जखमेवर धातूचा पत्रा बसतो, तो वाढतो आणि म्हातारा होतो. सिल्बाद म्हणजेच पिएल! म्हातारा इतका वेळ स्वतःलाच अंगाई ऐकवत होता, आणि त्याला त्यातले काही आठवत नव्हते.

दोष आहेत, ते झाकत नाही. बुडापेस्टच्या पान्नोनिया स्टुडिओत झालेले चित्रांकन कुठे सुरेख, तर कुठे पात्रे पुठ्ठ्याची वाटावीत इतके ताठ आहे. मोबियससारखा थोर चित्रकार कल्पना पुरवायला असताना हे खटकतेच. ज्या ‘स्वामीं’वरून नाव ठेवले ते तर शेवटी घाईघाईने येतात, आणि काळाच्या त्या उलटापालटीचा खुलासा चार वाक्यांत उरकला जातो. ‘यक्षांची देणगी’ वाचून विज्ञानकथेकडे वळलेल्या माझ्यासारख्याला तिथे थोडे उपाशी राहिल्यासारखे होते. बिनचेहऱ्याच्या पंखवाल्या माणसांचा ग्रह मात्र लालूच्या उत्तम दिवसांची आठवण देतो.

वसतिगृहातल्या मित्राला मी तो संगणकावर दाखवला. शेवट झाल्यावर तो म्हणाला, “म्हणजे एवढा प्रवास फुकटच की! कोणीच पोचले नाही.” मी तेव्हा गप्प बसलो. पण त्याचे म्हणणे मला पटलेले नाही. यान पोचले नाही हे खरे, पण आवाज पोचत होता. तळ्याच्या काठावरून मुलगा मागे फिरला तो त्या आवाजामुळे. तो मागे फिरला नसता तर पुढचा सिल्बाद कुठला? म्हाताऱ्याला ते आठवत नाही, एवढ्याने ते घडलेच नाही असे कसे म्हणावे? आपल्यातल्या कितीजणांना आपली पहिली अंगाई आठवते?

परवा मी तो पुन्हा पाहिला, एकट्याने. पहिल्या खेपेला सिल्बादचे गाणे मला केवळ लांबण वाटले होते. या खेपेला ते सुरू झाले तेव्हा मी त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याकडे पाहत होतो. पलीकडे पोर खुशीत ऐकत होते. म्हातारा मजेत गात होता. त्याला काहीच ठाऊक नव्हते.