लाइकचा आहेर

लग्नघरात एक वही असते. कोणी किती आहेर केला ते तीत लिहून ठेवतात. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढीच रक्कम पाकिटात घालायची. व्यवहार म्हणून यात काही गैर नाही. पण वहीतली बेरीज बघून नवरा-नवरी किती देखणे होते, हे कोणी ठरवत नाही.

ऑनलाइन फोटोग्राफीच्या जगात मात्र वीसेक वर्षं हेच चाललंय. आहेर मोजायचा आणि त्यावरून फोटो चांगला की वाईट ते ठरवायचं.

फोटो.नेट ही या जगातली जुनी जागा. तिथे सभासद एकमेकांच्या फोटोंना सौंदर्य आणि नावीन्य अशा दोन निकषांवर 1 ते 7 गुण द्यायचे. ऐकायला छान. प्रत्यक्षात मित्र मित्रांना सात-सात गुणांची खिरापत वाटू लागले. हा प्रकार इतका बोकाळला की त्याला ‘मेट-रेटिंग’ असं नावच पडलं.

2004मध्ये फ्लिकर आलं. त्यांच्या ‘एक्सप्लोर’मध्ये रोज 500 फोटो झळकायचे, आणि ते निवडायचं ‘इंटरेस्टिंगनेस’ नावाचं सूत्र. क्लिक कुठून येतात, कॉमेंट कोण आणि केव्हा करतं, फेव्हरिट कोण करतं, असं बरंच काही त्यात मोजलं जायचं. नेमकं गणित गुप्त होतं. पण गणित गुप्त ठेवल्याने देवघेव थोडीच थांबते? ‘एक फोटो टाका, दोघांच्या फोटोंवर कॉमेंट करा’ असा नियमच असलेले ग्रुप निघाले. कॉमेंट म्हणजे काय, तर एक चकचकीत ‘अवॉर्ड’चं चित्र चिकटवायचं आणि पुढे सरकायचं.

मग 500पीएक्सने ‘पल्स’ आणला. 0 ते 100 मधला आकडा. फोटो टाकल्यावर लाइक्सचा ओघ आला की पल्स चढतो, आणि वेळ जाईल तसा उतरत जातो. म्हणजे फोटोला आयुष्य किती, तर एका दिवसाचं. त्या दिवशी तुमचे फॉलोअर जागे असले तर ठीक. नसले, तर फोटो गेला.

मग हा आकडा नक्की मोजतो काय? तुम्ही किती जणांच्या दारात आधी आहेर ठेवून आलात ते. तुम्ही कोणत्या वेळी फोटो टाकलात ते. आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीत, स्क्रोल करताना, फोटो डोळ्यात भरतो का ते. यात चांगला फोटो बसूच शकत नाही असं नाही. पण बसलाच तर तो योगायोग.

पुरावा हवा? फ्लिकरवर ‘डिलीटमी’ नावाचा ग्रुप होता. फोटो टाकायचा आणि तो ठेवावा की काढावा यावर सभासदांनी मतं द्यायची. 2006मध्ये कोणीतरी तिथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा 1932मधला फोटो टाकला. फ्रान्समधलं इएर गाव, वरून दिसणारा वळणदार जिना, आणि खालून सुसाट जाणारा, हललेला सायकलस्वार. फोटो अस्पष्ट आहे, असे शेरे मारत सभासदांनी तो काढून टाकायच्या बाजूने मतं दिली. दोनच वर्षांनी, 2008मध्ये, याच फोटोची एक प्रिंट क्रिस्टीजच्या लिलावात 2,65,000 डॉलरला गेली. लिलावाची किंमत म्हणजे कलेचा निवाडा नव्हे, हे मान्य. आणि ती माणसं मूर्ख होती असंही नाही. घाईत कौल द्यायचा तर डोळा ओळखीच्या गोष्टी शोधतो: शार्प आहे का, रंग भरलेत का. सायकलस्वाराचं हललेलं असणं हाच त्या फोटोचा प्राण आहे, हे कळायला थांबावं लागतं. आकड्याला थांबता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘मग काय, पुन्हा मूठभर संपादक आणि परीक्षकच ठरवणार?’ आक्षेप रास्त आहे. ओळख नसलेल्या पोराला ती दारं बंदच असायची. पण स्कोअरने मक्तेदारी मोडली नाही, फक्त तिचा मालक बदलला. आता ती ज्याच्याकडे रोज दोन तास लाइक वाटत बसायला वेळ आहे, त्याची. दिवसभर काम करून रविवारी कॅमेरा काढणारा पोरगा तेव्हाही बाहेर होता, आजही बाहेरच आहे.

सगळेच गुण फोल असतात असंही नाही. स्टॅक एक्स्चेंजच्या फोटोग्राफी विभागात उत्तराला पसंतीचं मत पडलं की 10 गुण, विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारलं की 15, नापसंतीला उणे 2. आणि दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो. तिथे गुण मिळतात ते उत्तराला. फ्लॅश वापरला की फोटोत काळा पट्टा का येतो? शटर सिंक स्पीडपेक्षा वेगवान आहे म्हणून. हे आज रात्री घरी करून बघता येतं. खरं-खोटं तपासता येतं, तिथे गुणांना अर्थ आहे. सोप्या प्रश्नांच्या उत्तरांना तिथेही जास्त मतं पडतात, पण निदान उत्तर तरी हाती लागतं. नजर अशी तपासणार कशी?

खरं नुकसान नजरेचंच होतंय. दर आषाढात तोच सुरकुतलेला, पावसात भिजलेला वारकरी. दर पावसाळ्यात तोच दुधासारखा धबधबा. पोरं वारीला जातात ती गेल्या वर्षी चाललेला फोटो पुन्हा काढायला. समोर चपला शिवत बसलेली बाई असते, टँकरखाली झोपलेला माणूस असतो, पण कॅमेरा तिकडे वळत नाही, कारण ‘हे चालणार नाही’ हे आधीच ठाऊक असतं. आकडा फोटो काढल्यानंतर येतो हा आपला भ्रम आहे. तो क्लिक करण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये येऊन बसलेला असतो.

कंपन्या हे बदलणार नाहीत. आकडा बघायला तुम्ही दिवसातून वीस वेळा ॲप उघडता, त्यावर त्यांचं दुकान चालतं. तुम्हाला मात्र एक करता येईल. महिनाभर लाइक बंद ठेवा. फोटो आवडला तर का आवडला, ते एका वाक्यात लिहा. नाही आवडला तर तेही लिहा, नाव लावून. वाक्य सुचत नसेल, तर तुम्ही फोटो पाहिलेलाच नाही. आणि तुमच्या फोटोंवर असं वाक्य लिहिणारी तीन माणसं मिळाली, तर शंभरचा पल्स खुशाल दुसऱ्याला जाऊ द्या.