बुलेटला 'मिलिटरी ग्रीन' मारायचाय? आधी आरसीवरचा रंग वाचा

२५ जुलै २०१८. रॉयल एनफिल्डने क्लासिक ५०० ची 'पेगासस' नावाची मर्यादित आवृत्ती भारतात ऑनलाइन विक्रीला ठेवली. जगभरासाठी एकूण १,००० गाड्या, त्यातल्या २५० आपल्या वाट्याला. या २५० गाड्या १७८ सेकंदांत संपल्या. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चहाला उकळी फुटेपर्यंत विषय संपला होता.

बातम्या झाल्या त्या १७८ सेकंदांच्या. खरी गंमत वेगळीच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून उतरवल्या जाणाऱ्या 'फ्लाइंग फ्ली' या छोट्या मोटरसायकलची आठवण म्हणून पेगासस काढली होती. तिचे रंग दोन. एक तपकिरी, 'सर्व्हिस ब्राऊन'. दुसरा 'ऑलिव्ह ड्रॅब ग्रीन', म्हणजे ज्याला आपण सरळ मिलिटरी रंग म्हणतो. भारतात फक्त तपकिरी आली. हिरवी आलीच नाही.

कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१. संरक्षण खात्याची गाडी सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. एवढा साधा नियम आहे. ज्या कंपनीची बुलेट लष्करानं वर्षानुवर्षं वापरली, तिलाही तो रंग सामान्य ग्राहकाला विकता आला नाही. सातारा-कोल्हापूरकडे घरटी फौजी असलेल्या गावांत मिलिटरी रंगाच्या बुलेटचं वेड आहे, आणि त्यामागची भावना खरी आहे. पण नियमात माजी सैनिकालाही सूट नाही. लष्कराच्या लिलावातून घेतलेली गाडी असली, तरी ती आपल्या नावावर चालवायची तर हा रंग उतरवावाच लागतो.

आता मूळ मुद्दा. सध्या रील उघडलं की दर चौथा व्हिडिओ जुन्या गाडीच्या 'प्रोजेक्ट'चा. गंजलेली आरएक्स १०० भंगारातून उचलली, टाकी उतरवली, मधे दोन गाणी वाजली आणि शेवटी चकाचक भगवी किंवा जांभळी गाडी गॅरेजमधून बाहेर आली. रंग कोणता, कोड काय, खर्च किती, हे कमेंटमध्ये सगळे विचारतात. आरसीवर रंग कोणता लिहिलाय, हे कुणी विचारत नाही.

आरसीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर असतो तशी रंगाचीही नोंद असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की, कंपनीनं मूळ ठरवून दिलेल्या गोष्टींपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. आता रंग ही कंपनीनं ठरवलेली गोष्ट मानायची की नाही?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल कामाला येतो. प्रकरण केरळचं होतं. गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत केलेले बदल नियमात बसत असतील तर चालतील, असं तिथल्या उच्च न्यायालयानं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. कंपनीच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही, हे पक्कं केलं. बातमीचा मथळा झाला 'मॉडिफिकेशनवर बंदी', आणि अनेकांचा समज झाला की आता रंगसुद्धा बदलता येणार नाही. तसं नाही. मूळ रचनेत न मोडणारे आरसीवरचे इतर तपशील परवानगीनं बदलता येतात आणि त्यांची नोंद करून घेता येते, ही वाट निकालानं मोकळी ठेवली. रंग त्या वाटेनं जातो.

म्हणजे रंग बदलणं बेकायदा नाही. न सांगता बदलणं बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलासाठी' हे शब्द नीट वाचा. रंग, सायलेन्सर आणि हँडल मिळून एक दंड होत नाही.

पण रंगासाठी कोण पकडतं?

प्रश्न रास्त आहे. नाक्यावरचा हवालदार आधी सायलेन्सर ऐकतो, मग '४१४१' चं 'दादा' झालंय का ते बघतो. रंगाकडे त्याची नजर शेवटी जाते. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रंगाच्या डब्यांवरून रोडरोलर फिरवल्याचा व्हिडिओ कुणी पाहिलेला नाही.

रंग अडतो तो दुसरीकडे. प्रोजेक्टसाठी सगळ्यांना हवी असते ती आरएक्स १००. भारतात ती १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा तिशीला आली. दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९६ ची गाडी धरली तर २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १,००० वरून २,००० रुपये केलं, त्यावर चर्चा भरपूर झाली. पण दोन हजारांचा प्रश्न किरकोळ आहे. नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करावी लागते आणि निरीक्षक कागद हातात घेऊन ती बघतो. आरसीवर 'रेड' आणि समोर फिरोजी गाडी, की काम तिथंच थांबलं.

गाडी विकायला काढली की समजदार गिऱ्हाईक हेच बघतं. आणि गाडी चोरीला गेली तर आणखी पंचाईत. तक्रारीत कागदावरचा रंग लिहायचा की खरा? सीसीटीव्हीत भगवी गाडी शोधायची की काळी? चोरीची गाडी पचवताना चोरही पहिल्यांदा रंगच बदलतो, त्यामुळे न जुळणाऱ्या रंगाकडे पोलिस संशयानं बघतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

रंगापेक्षा मोठा घोळ चेसिस नंबरचा होतो. प्रोजेक्टमध्ये सांगाडा हौसेनं पावडर कोटिंगला दिला जातो. काम चांगलं असतं, भुकटी भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजून पक्की बसते. पण हा थर जाड असतो. सांगाड्यावर ठोकलेला नंबर त्यात बुजतो, आणि मग तो दिसावा म्हणून कुणी ग्राइंडर फिरवला की संपलं. आरटीओत त्या नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात. खरवडलेला नंबर म्हणजे छेडछाड केलेला नंबर, आणि ते कसं झालं हे समजावत बसणं फार अवघड. सँडब्लास्टिंगला सांगाडा देण्याआधी नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा. शक्यतो समोर उभं राहून लावून घ्या.

मग रंग निवडायचा कसा?

माझं मत विचाराल तर आरसीपासून सुरुवात करा, पिंटरेस्टपासून नाही. जुन्या आरसी बुकात बहुतेक वेळा एक शब्द असतो, 'ब्लॅक' नाहीतर 'रेड'. नव्या गाड्यांच्या नोंदीत कंपनीनं रंगाला दिलेलं लांबलचक नावही दिसतं. गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून घेतली असेल तर समोरचा रंग आणि कागदावरचा रंग आधीच वेगळा असण्याची शक्यता धरून चाला. अशा वेळी कागदावरच्या रंगाकडे परत जाणं हाच सोपा उपाय. आरएक्सच्या बाबतीत तर तोच फायद्याचाही, कारण मूळ पीकॉक ब्लू किंवा चेरी रेडमध्ये नीट उभी केलेली गाडी शौकीन जास्त भावानं घेतात.

मूळ रंग ठेवूनही करण्यासारखं खूप असतं. काळ्या टाकीच्या बाजूला मॅट काळं पॅनल घ्या, कडेनं एक बारीक सोनेरी रेघ ओढा. गाडी कागदावर काळीच राहते आणि नजर मात्र खिळते. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात टाकीवरच्या त्या रेघा हातानं ओढण्याची परंपरा आहे. एका दमात, पट्टी न लावता. आपल्याकडे ट्रकच्या पाट्या रंगवणारे जुने पेंटर अजून आहेत, त्यांचा हात या कामाला उत्तम बसतो. स्टिकरच्या दुकानात जायच्या आधी त्यांच्याकडे एकदा जाऊन बघा.

पूर्ण रंग बदलायचाच असेल तर नुसत्या छटेचा विचार पुरत नाही. तो रंग उद्या दुरुस्त होईल का, हेही बघावं लागतं. रीलमध्ये सगळ्यात सुंदर दिसतो तो कँडी. त्याचं तंत्र असं की खाली चंदेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे एकावर एक हात. प्रकाश रंगातून आत जातो, चांदीवर आपटून परत येतो, म्हणून ती खोली दिसते. पण याचाच अर्थ असा की, छटा किती हात मारले त्यावर ठरते. पाच हातांचा लाल आणि सहा हातांचा लाल वेगळा दिसतो. पार्किंगमध्ये कुणी टाकीला चरा पाडला तर तेवढाच भाग जुळवणं जवळजवळ अशक्य. अख्खी टाकी पुन्हा करावी लागते. पर्लचं दुखणं थोडं कमी, पण जात तीच. मॅटला वेगळाच त्रास. ओरखडा पॉलिशनं घासून काढता येत नाही, कारण घासलं की तिथं चमक येते आणि डाग आणखी उठून दिसतो. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर साधा एकरंगी, वर क्लिअरचा हात दिलेला रंग सगळ्यात शहाणा. रील फिका पडेल, पण चालेल.

स्वस्तातल्या कामात एनसी रंग मारतात. लवकर वाळतो, छान दिसतो. पण पेट्रोल भरताना झाकणाखाली ओघळ आला की तिथला रंग फुगतो, सुटतो. टाकीला टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंगच घ्या. आणि टाकीच्या आतला गंज रंगाआधी काढून घ्या. त्यासाठी वापरलेलं आम्ल नव्या रंगावर सांडलं की सगळी मेहनत पाण्यात.

टू-के रंगाची एक बाजू मात्र व्हिडिओत कधी दिसत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. स्प्रेच्या धुक्यातून ती फुप्फुसात गेली की कायमचा दमा लागू शकतो. स्प्रे पेंटरांमधला हा ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. तोंडाला रुमाल बांधून शटरआड गन चालवणारा पोरगा आपल्या दोन हजारांच्या बचतीची किंमत मोजत असतो. स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा बाहेर ओढणारा बूथ असलेल्या पेंटरचा दर जास्त असेल, तर तो दर योग्य आहे.

रॅपचं काय? 'रॅप काढता येतो, म्हणजे तो रंग नाही' हा युक्तिवाद ग्रुपवर चालतो. कायद्यात रॅपला अशी वेगळी सूट नाही. कागदावरची नोंद आणि समोरची गाडी जुळते का, एवढाच प्रश्न तिथं विचारला जाणार.

कंपन्यांना ही नाडी सापडली आहे. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये 'मेक इट युवर्स' आणलं, गाडी बुक करतानाच रंग-रूप निवडायची सोय दिली. २०२३ मध्ये गोव्यातल्या मोटोव्हर्समध्ये हातानं रंगवलेल्या फक्त २५ शॉटगन ६५० ठेवल्या, किंमत ४ लाख २५ हजार. पुढच्याच वर्षी आलेल्या गोअन क्लासिकचे जांभळे, फिरोजी रंग बघितले तर ती गॅरेजमधून निघालेली प्रोजेक्ट गाडीच वाटते. फरक एवढाच की ती शोरूममधून निघताना तिचा रंग आरसीवर चढलेला असतो. हौशी पोरांच्या गॅरेजमधली कल्पना कंपनीनं कागदपत्रांसह विकायला काढली.

स्वतः करायचं असेल तर क्रम असा आहे. आधी आरटीओची मंजुरी, मग रंग, मग १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद. अर्ज परिवहन पोर्टलवरून करता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाडीची विमा-किंमत कंपनीच्या यादीतल्या किमतीवरून ठरते, तुमच्या चाळीस हजारांच्या कँडीवरून नाही. आणि अपघातानंतरच्या रंगकामात सामानाच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापला जातो.

काम संपल्यावर पेंटरकडून मिश्रणाचं प्रमाण लिहून घ्या, आणि उरलेला रंग शंभर मिली का होईना, बाटलीत मागून घ्या. हार्डनर न मिसळलेला. मिसळलेला काही तासांतच बाटलीत दगड होतो.