बंद पडलेले अंक



हा अंक तुमच्या हाती दोन महिने उशिरा पडतो आहे. कारणे नेहमीचीच: छपाईचा खर्च, आणि लिहिणाऱ्या चौघींपैकी दोघी नोकरीसाठी बाहेरगावी. गेल्या बैठकीत एकीने सरळच विचारले, "ताई, बंदच करू या का?" प्रश्न गैर नाही.

पत्रे निघणे आणि बंद पडणे चळवळींना नवे नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले 'दीनबंधू' लवकरच थांबले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून पुन्हा सुरू केले, आणि पुढे तानूबाई बिर्जे त्याच्या संपादक झाल्या. १९७७ साली पुण्यात 'बायजा' निघाले, तेही थांबले. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढले. अलीकडे संगणकावर मराठी सोपी झाली तशा कितीतरी जणींनी ब्लॉग लिहिले. मग फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आले आणि ते ब्लॉग ओस पडले. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तिथल्या मराठी गप्पाही गेल्या. बायका आजही लिहितातच, पण मोबाईल बिघडला की ते लिहिलेले कुठे शोधायचे?

तेव्हा थांबण्याची लाज वाटायला नको. लाज वाटावी ती मागे काही न ठेवता थांबण्याची. आपल्या शहाद्याचेच पाहा. १९७२ साली, दुष्काळाच्या दिवसांत, इथे श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात उतरलेल्या भिल्ल बायका पुढे गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १९९८ मध्ये झाला.) मारिया मीस यांनी १९७६ साली या चळवळीवर इंग्रजीत लेख लिहिला, तो आजही अभ्यासकांना मिळतो. पण त्या बायका आपसांत भिलीत, पावरीत काय बोलल्या, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल पहिल्यांदा सभेत कोण उठले, गाणी कोणी रचली? हे आमच्या नव्या मुलींनी विचारले तर दाखवायला आमच्या कपाटात एक कागद नाही. आम्हीही बेफिकीर राहिलो. दर पावसाळ्यात गठ्ठे हलवले, काही रद्दीत दिले. वाळवी तर कोणाला विचारत नाही.

तूर्त आणखी चार अंक काढायचे ठरले आहे. पुढचे पुढे. मात्र तुमच्याकडे आपले जुने अंक, हस्तपत्रके, शिबिरांची टाचणे, ठरावांच्या वह्या असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या. झेरॉक्स काढून मूळ प्रत तुमची तुम्हाला परत देऊ. एक संच शहाद्यात आणि एक जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवता येईल का, याची विचारणा करतो आहोत. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे टेप घेऊन कोणी जायचे, तेही त्याच दिवशी ठरवू. अक्कलकुवा आणि धडगावकडच्या मैत्रिणींनी आधी निरोप द्यावा, म्हणजे मुक्कामाची सोय करता येईल.