गुरुजींचं इंग्रजी कच्चं नाही

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या दिवशी एक अमेरिकन पाहुणा ताट घेऊन जागा शोधत होता. एका टेबलापाशी थांबून त्याने तिथल्या आजोबांना अदबीने विचारलं, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आजोबांनी तोंडभर हसून ‘येस, येस’ म्हटलं. पाहुणा गोंधळून उभाच राहिला. टेबलावरची मुलं खिदळली आणि त्यातल्या एकाने जाहीर केलं, ‘आजोबांना इंग्लिश येत नाही.’ शेजारची मोठी माणसंही हसली. नेमकं काय चुकलं, हे आजोबांना कोणीच सांगितलं नाही.

प्रस्तुत लेखिकेला राग आला तो या शेवटच्या गोष्टीचा.

हे आजोबा कनेरगाव नाक्याचे. वाशिमहून हिंगोलीकडे जाताना विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो, तिथलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे गाव. इंग्रजी अमलातला वऱ्हाड आणि निजामाचं संस्थान यांची हद्द याच भागातून जायची. संस्थानात शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आजोबांच्या वडिलांनी शाळेत उर्दू गिरवली. आजोबा स्वतः मराठीत शिकले, पाचवीपासून इंग्रजी शिकले, बाजारात दखनी हिंदी बोलले आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना इंग्रजीच शिकवून निवृत्त झाले. गावात त्यांना आजही सगळे गुरुजी म्हणतात. या माणसाला इंग्रजी येत नाही?

गुरुजींची अडचण वेगळी आहे. ‘इथं बसलो तर चालेल ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो’ म्हणतो. इंग्रजी माणूस मात्र हरकत आहे का, असं विचारतो; तिथे ‘येस’ म्हणजे हरकत आहे, बसू नका. नकारार्थी प्रश्नांचंही तसंच. ‘साखर नको ना?’ असं विचारलं की आपण ‘हो’ म्हणतो, कारण समोरच्याचं म्हणणं आपल्याला मान्य असतं. इंग्रजीत तिथे ‘नो’ म्हणावं लागतं, नाहीतर कपात साखर पडते. व्याकरण चोख असलेला माणूस इथे फसतो, कारण त्याने वाक्य बरोबर लावलेलं असतं आणि उत्तरही आपल्या भाषेच्या रीतीने बरोबरच दिलेलं असतं.

गुरुजींची पिढी इंग्रजी कशातून शिकली? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिनचं व्याकरण. यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ आणि पुढे नावाजलेले कादंबरीकार. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या जोरावर खेड्यापाड्यांतली मुलं अर्ज लिहायला शिकली, नोकरीला लागली, परदेशी पोचली. पण शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ करून घेतले ते ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, ‘अ बेड ऑफ रोझेस’, ‘बर्न द मिडनाइट ऑइल’. परीक्षेत त्यांना हमखास गुण होते. दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्याच्या दारात ते क्वचितच कानावर पडतात. तिथे लागतं ते सगळं या याद्यांच्या बाहेर राहिलं.

लेखिकेच्या घरचीच उदाहरणं पाहा. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा किराणा दुकानातल्या मुलीने ‘हाऊ आर यू डूइंग टुडे?’ विचारताच त्यांनी गुडघेदुखीची हकिगत सुरू केली. मागे रांग खोळंबली. मुलीला ‘गुड, थँक यू’ एवढंच हवं होतं. डॉक्टरांनी ‘व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?’ विचारलं, तर त्यांनी ‘माय सन’ असं सांगितलं. फोनवर शेजारीण ‘आय विल लेट यू गो’ म्हणाली, तेव्हा मला कुठेच जायचं नाही, असं त्यांनी कळकळीने सांगितलं. शेजारणीला बोलणं आवरायचं होतं. कॉफी आणखी हवी का, याला ‘आय अ‍ॅम गुड’ असं उत्तर आलं की ते ‘नको’ असतं, आणि काउंटरवरचा माणूस ‘यू आर ऑल सेट’ म्हणाला की काम झालं, निघायला हरकत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तरुणांचंही फार वेगळं नाही. घरातला नुकताच शिकायला आलेला भाचा ‘आय पास्ड आऊट लास्ट इयर’ म्हणाला आणि ऐकणाऱ्याने काळजीने विचारलं, आता तब्येत बरी आहे ना? इथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. ‘आऊट ऑफ स्टेशन’ही इथे कोणाला कळत नाही. गोऱ्या अंमलदारांच्या नेमणुकीचं ठिकाण म्हणजे ‘स्टेशन’. हिंगोलीलाही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि ती फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात मिसळली. छावणी गेली, शब्द आपल्याकडे राहिला. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. लेखिकेच्या यजमानांच्या कचेरीत ‘लेट्स टेबल इट’ यावरून लंडनच्या मंडळींशी घोळ झाला, कारण ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ विषय चर्चेला घ्या आणि अमेरिकेत विषय बाजूला ठेवा.

तेव्हा हसणाऱ्यांनी थोडा विचार करावा. विमानतळावरून आईवडिलांना घरी आणायचं, गराज आणि मायक्रोवेव्ह दाखवायचे, आणि भाषेची वेळ आली की आपणच पुढे होऊन बोलून टाकायचं, अशी सवय आपल्याला लागली आहे. त्यामुळे शाळेत शेकडो मुलांपुढे उभा राहिलेला माणूस इथे सहा महिने खिडकीपाशी बसून काढतो. त्याला चार वाक्यं सांगायला दहा मिनिटं लागतात. ती आपण देत नाही, आणि मग आईबाबांना इथे करमत नाही, अशी तक्रार करतो. मुलं हसतात ती आपलं बघूनच.

सूर चढला असेल तर लेखिका क्षमा मागते. मंडळाचे कार्यकर्ते नोकऱ्या सांभाळून, सुट्टीचे दिवस घालवून उत्सव उभा करतात. बोट त्यांच्याकडे नाही. मुलांच्या मराठीचा प्रश्नही आहेच. दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन खंड १९४२ आणि १९४७ साली काढले, त्यातलं आपल्या घरांत किती उरलं, यावर वेगळा लेख लागेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याने बोलण्याचं इंग्रजी किती सुधारलं, हाही वादाचा विषय आहे.

आत्ता मागणी एकच. उन्हाळ्यात पालक मोठ्या संख्येने येतात. मंडळाने त्या दिवसांत शनिवारी दुपारी त्यांच्यासाठी रोजच्या इंग्रजीचा वर्ग घ्यावा. दुकान, दवाखाना, फोन, बस आणि शेजार अशा पाच जागा, आणि त्या त्या जागी कानावर पडणारी वाक्यं उत्तरांसह. शिकवायला शाळकरी मुलांना बसवावं. त्यांचे उच्चार इथले आहेत. बदल्यात गुरुजींसारख्यांनी त्यांना मराठी शिकवावं. ज्यांचे आईवडील यंदा येणार आहेत, त्यांनी कार्यकारिणीकडे आजच नाव द्यावं.