तरुणांना आधी चर्चेत जागा द्या



‘शांतता हे जाणत्यांचे काम’ हा लेख वाचला. दंगलीत दगड हाती घेणारे तरुणच असतात, हे लेखकाचे निरीक्षण खरे. पण दगड पुरवणारे आणि व्यासपीठावरून चिथावणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात, त्यांचा उल्लेख लेखात नाही.

‘तरुणांचा सहभाग हे स्वयंसेवी संस्थांचे फॅड’ हे विधान तर वस्तुस्थितीला सोडून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 9 डिसेंबर 2015 रोजी ठराव क्रमांक 2250 एकमताने संमत केला. त्यात 18 ते 29 वयोगटाला शांतता प्रक्रियेत प्रतिनिधित्व देण्याचे आवाहन सदस्य देशांना आहे. ठराव जॉर्डनने मांडला होता, एखाद्या संस्थेने नव्हे.

कोलंबियाचे उदाहरण लेखकाने अर्धेच दिले. 2 ऑक्टोबर 2016 च्या सार्वमतात सरकार आणि बंडखोर यांच्यातला शांतता करार निसटत्या फरकाने फेटाळला गेला, इथेच ते थांबतात. पुढे काय झाले? तीनच दिवसांनी बोगोटात विद्यार्थ्यांच्या हाकेवर हजारो लोकांनी मूक मोर्चा काढला. बोलिव्हार चौकात तंबू पडले. करार करा, मगच उठतो, असा हट्ट. सुधारित करारावर 24 नोव्हेंबरला सह्या झाल्या. एकट्या विद्यार्थ्यांमुळे झाल्या असे मी म्हणणार नाही, पण त्यांना वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

तरुणांना ‘अनुभव नाही’ या लेखकाच्या आक्षेपाबद्दल एवढेच, की बैठकीला बोलावल्याशिवाय अनुभव येणार कुठून? आपल्याकडच्या शांतता समित्यांच्या याद्या लेखकाने एकदा चाळाव्यात आणि तिशीच्या आतली नावे मोजावीत.

– एक वाचक, मिरज