हुकलेल्या वादळाचं बिल

मे महिना अर्धा सरला की मीरा रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक नकाशा हमखास फिरायला लागतो. अरबी समुद्र, त्यात गरगरणारा लाल ठिपका आणि मुंबईच्या दिशेने पसरत गेलेला एक पांढरा शंकू. दोन दिवसांनी वादळ भलतीकडेच जातं आणि मग त्याच ग्रुपांवर हवामान खात्यावरचे जुने विनोद नव्याने फॉरवर्ड होतात. "पाऊस म्हणाले ना, मग वाळवणं घाला" वगैरे वगैरे.

मला हल्ली हे विनोद पटत नाहीत. खात्याचा पुळका आलाय म्हणून नाही, तर आपण पेपर एका विषयाचा तपासतोय आणि मार्क दुसऱ्याच विषयाचे देतोय, म्हणून.

'निसर्ग'चंच बघा. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं. आपल्याकडे "हॅ, काहीच नाही झालं" असा सूर होता. इथून दीडशे किलोमीटरच्या आत, रायगडात, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. तो शंकू 'वादळ मुंबईत येणार' असं सांगतच नसतो. वादळाचं केंद्र साधारण कुठल्या पट्ट्यात असू शकेल एवढंच तो सांगतो आणि आधीच्या अंदाजांत जेवढी चूक व्हायची त्यावरून त्याची रुंदी ठरते. केंद्र श्रीवर्धनला गेलं म्हणजे अंदाज चुकला असं नाही, आपण वाचलो.

आणि खरं सांगायचं तर त्या बुलेटिनचे पहिले वाचक आपण नाहीच. त्यातला मोठा भाग समुद्राबद्दल असतो. 'समुद्र खवळलेला' हे आपल्याला बातमीतलं विशेषण वाटतं, पण त्याला माप आहे. अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा म्हणजे खवळलेला आणि चार ते सहा मीटर म्हणजे अतिखवळलेला. सहा मीटर म्हणजे आपल्या बिल्डिंगचा जवळजवळ दुसरा मजला! हे माप ज्यांच्यासाठी आहे ती माणसं आपल्याच महापालिकेत राहतात. उत्तन, पाली, चौक.. विकेंडला आपण जिथे मासे खायला जातो ना, तिथेच.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. ज्याने कधी सर्व्हरवर अलर्ट लावलेत त्याला हे दुखणं माहीत असतं. अलर्ट फार नाजूक ठेवला तर रात्री तीनला उगाच फोन वाजतो. बोथट ठेवला तर सर्व्हर पडून सकाळ होते तरी कोणाला पत्ता नसतो. दोन्ही चुका शून्यावर आणणं कोणाच्याच बापाला जमलेलं नाही. त्यामुळे शहाणी माणसं उगाच वाजलेल्या फोनची किंमत आधीच मान्य करून टाकतात. आमच्याकडे ती किंमत म्हणजे एक मोडलेली झोप.

मच्छीमाराकडे ती किंमत काय असते? भरलेलं डिझेल, वितळणारा बर्फ, खलाशांचा खर्च आणि मासळीविना गेलेले दिवस. त्यात १ जूनपासून पावसाळी बंदी, म्हणजे मे हा कमाईचा शेवटचा महिना. त्याच महिन्यात 'समुद्रात जाऊ नका' असं सांगितलं आणि वादळ हुकलं, तर आपल्याला एक विनोद फुकट मिळतो आणि त्याचं बिल उत्तनला जातं. अशी दोन-तीन बिलं भरल्यावर कोणी चौथ्या इशाऱ्याला "बघू, काही होत नाही" म्हणालं तर त्याला अडाणी कसं म्हणणार?

पण इशारा खरा ठरतो तेव्हा काय होतं तेही बघा. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईच्या बाजूने, समुद्रातूनच, गुजरातकडे गेलं. केंद्र मुंबईवर आलंही नाही, तरी सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलीमीटर पाऊस पडला. समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांनी परत या, हे खातं वादळाला नाव मिळायच्या आधीपासून सांगत होतं. तरीही बॉम्बे हायच्या परिसरात 'पी-३०५' हा बार्ज बंदरात न येता समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून जास्त गेली. अंदाज बरोबर होता, वेळेवर होता. काम थांबवून परत यायचं हा निर्णय मात्र तेवढ्या वेळात झाला नाही.

निरोप पोचवायचं काम आता बरंच पुढे गेलंय. २०१७ च्या 'ओखी'त खोल समुद्रातल्या कित्येक बोटींपर्यंत इशारा पोचलाच नव्हता. २०१९ मध्ये उपग्रहावरून थेट बोटीवर सूचना देणारं 'जेमिनी' उपकरण आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरमध्ये, देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा शुभारंभ झाला. उत्तम आहे. पण निरोप पोचणं वेगळं आणि तो पाळणं परवडणं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हुकलेल्या वादळाचं बिल सगळ्यांनी मिळून भरावं. मासेमारीला मनाई करणारा अधिकृत इशारा निघाला की त्या प्रत्येक दिवसाची ठरलेली रक्कम बोटमालक आणि खलाशी दोघांच्या खात्यात आपोआप जमा व्हावी. पंचनामा नको, अर्ज नको. इशाऱ्याची तारीख खात्याकडे आहे, बोट किनाऱ्यावर होती की नाही ते ट्रान्सपॉन्डर सांगेल. एवढा प्रोग्रॅम लिहायला फार मोठी टीमही लागणार नाही.

हे अगदीच हवेतलं नाही. २०१९ मध्ये 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळं आली, दोन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली नाहीत, पण मासेमारीचा ऐन हंगाम बुडाला. त्यासाठी राज्य सरकारने २०२० मध्ये विशेष पॅकेज दिलं. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त मेहेरबानी म्हणून नंतर न देता ते नियम म्हणून लगेच द्यायला हवं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर "इशारे जरा कमी काढा" असा दबाव खात्यावर येईल. येऊ शकतो. म्हणून इशारा काढणारा आणि पैसे देणारा यांचा एकमेकांशी काही संबंध असता कामा नये, ही अट पहिली.

आणि घाई आहे, मंडळी. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. वादळं वाढली की हुकणारी वादळंही वाढणार, म्हणजे घरी बसायचे दिवस वाढणार. ते दिवस फक्त बोटवाल्यांच्याच खिशातून जाणार असतील, तर कुठल्यातरी मे महिन्यात ते इशारा ऐकायचे थांबतील. आणि नेमकं तेव्हाच वादळ हुकणार नाही.