स्वस्त निविदा आणि महाग प्राण

गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात २४ सप्टेंबर २००२ रोजी शिरलेल्या अतिरेक्यांच्या हाती स्वयंचलित रायफली होत्या. आपल्या देवस्थानांचे विश्वस्त मात्र अजूनही नुसती ‘बुलेटप्रूफ काच’ मागतात आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करतात. कोणत्या गोळीपुढे ती काच टिकणार, हे विचारायचे कोणी? युरोपीय मानकात पिस्तुलांसाठी बीआर २ ते ४ आणि लष्करी रायफलींसाठी बीआर ५ ते ७ अशा निराळ्या श्रेणी आहेत.

अॅक्रिलिक हलके व नितळ, पण ते पिस्तुलापुरतेच. पॉलिकार्बोनेट चिवट, परंतु त्यावर ओरखडे फार लवकर उठतात. म्हणून बाहेर काचेचे थर आणि आत पॉलिकार्बोनेट अशी जोडणी करतात. काच गोळीला बोथट करते, आतला थर तिला थोपवतो आणि काचेच्या चिपा आतल्या माणसावर उडू देत नाही. हा क्रम उलटून चालत नाही. शिवाय ४० मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला १०० किलो भरते. ते चौकटीने पेलले पाहिजे, आणि चौकट व भिंतही गोळी अडवणारी हवी.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी नरेंद्र मोदी लाल किल्ल्यावरून काचेच्या आडोशाविना बोलले, याचा आपणांस अभिमानच आहे. पण देणगीच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाकडून त्या धाडसाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? विश्वस्तांनी दरपत्रकाआधी चाचणीचा दाखला मागावा.